एझेबुम् हे क्रियापद, मागची खोली आणि इतर मिळकत यांविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी अक्कादी भाषेच्या शब्दकोशाच्या कचेरीत संपादक, सध्या निवृत्त आणि गुडघ्यांनी हैराण, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही किंवा फूस लावलेली नाही. समजावण्याचा प्रयत्न मात्र पुष्कळांनी केला, त्याची हकिकत योग्य त्या कलमात येईल. मजकूर वकिलांना दाखवला आहे. त्यांनी अर्धा खोडला, मी तो पुन्हा लिहिला.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी म्हटले, "वजाबाकी मला विशीतही जमत नव्हती. दुसरं काहीतरी विचारा."

"मग तुम्हाला जे पाठ आहे ते म्हणा."

मी त्यांना एझेबुम् चालवून दाखवले. ईझिब, सोडले. इझ्झिब, सोडतो किंवा सोडील. ईतेझिब, सोडून झाले आहे. एझिब, सोड. एझेबुम्, सोडणे. डॉक्टर हातात पेन धरून बसून राहिले.

"हे बरोबर आहे की चूक ते मी कसं ठरवू?"

"तुम्हाला ठरवायला कोण सांगतंय? अडखळले नाही एवढं लिहा."

त्यांनी तसे लिहिले आहे.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात हे घर माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. भाच्यावर माझा राग नाही. त्याला चांगली नोकरी आहे, स्वतःचा फ्लॅट आहे आणि फोनवर तो माझ्या तब्येतीची चौकशी अगदी नेमाने करतो. गेल्या वर्षी तो एका एजंटला घर दाखवायला घेऊन आला होता, "सहज, भाव काय येतो बघायला." एजंट भला माणूस होता. त्याने मला विचारले, "आजी, तुम्ही कुठं जाणार मग?" भाच्याने ते ऐकले नाही असे दाखवले.

कलम २. मला मूलबाळ नाही. नवरा होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामाला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या शहरात बदली मागून घेऊन तो तिथे सुखरूप असल्याचे त्याच्या ऑफिसातून कळले. पुढे रीतसर घटस्फोट झाला. त्याचा किंवा त्याच्या कोणा वारसाचा माझ्या मिळकतीवर कसलाही हक्क पोचत नाही.

माझे वडील म्हणाले, "त्याच्या दारात जाऊन बस. कधीतरी लाज वाटेल त्याला." मी गेले नाही. मग वडिलांनी आपल्याही दाराची कडी लावून घेतली. भाड्याच्या खोलीच्या मालकाला एकटी बाई नको होती, त्याने खोली रिकामी करायला लावली. त्या दिवशी माझा धाकटा भाऊ, तेव्हा नुकता वजनकाट्यांच्या दुकानात लागलेला, दुकानमालकाची हातगाडी मागून घेऊन आला. माझी ट्रंक, दोन खुर्च्या आणि पुस्तकांची खोकी त्याने गाडीवर चढवली आणि कचेरीजवळच्या बायकांच्या वसतिगृहापर्यंत ओढत आणली. रस्ताभर तो चाकांविषयी बोलत होता. एक चाक जरा वाकडे होते. काय झाले, कोणाचे चुकले, हे त्याने मला तेव्हा विचारले नाही आणि त्यानंतरही कधी नाही. त्यावरून वडिलांनी त्याच्याशी अबोला धरला, तोही त्याने मला सांगितला नाही. मला तो आईकडून कळला.

हे घर मी पुढे माझ्या पगारातून घेतले. वडिलोपार्जित यात एक वीटही नाही.

कलम ३. मागच्या खोलीत जे आहे ते एकाच क्रियापदाचे आहे, म्हणून त्याची ओळख करून देणे भाग आहे. वकिलांनी हे कलम गाळायला सांगितले होते.

अक्कादी ही दोन नद्यांमधल्या देशातली जुनी भाषा. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा दाबून ती लिहीत. दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिच्यात कज्जे लढले, कर्ज मागितले, देवाला साकडे घातले आणि एकमेकांना खरमरीत पत्रे पाठवली. मग ती बोलणारे संपले. आमच्या कचेरीत तिचा कोश चालला होता. नव्या माणसाला शब्द मिळत ते रांगेने, आवडीनिवडीने नाही. मी लागले तेव्हा 'ए' चालू होता. माझ्या वाट्याला एझेबुम् आला.

अर्थ: सोडणे, सोडून जाणे, टाकणे, बायकोला सोडणे.

कचेरीत कुजबूज सुरू झाली. अर्ध्या लोकांना वाटले संपादकसाहेबांनी मुद्दाम माझी थट्टा केली, अर्ध्यांना वाटले मुद्दाम माझे भले केले. आमच्या टंकलेखिका बाईंनी मला जिन्यात गाठले. "शब्द बदलून मागा. साहेब नाही म्हणायचे नाहीत." म्हणून मी साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"का बदलायचा?"

"साहेब, माझा आत्ताच घटस्फोट झालाय."

"तुमचं लग्न झालं होतं?" ते खरोखरच चकित झाले होते. मग जरा विचार करून म्हणाले, "रजा हवी तर घ्या आठवडाभर. शब्द बदलता येणार नाही, रांग मोडते."

मी रजा घेतली नाही. तो शब्द मी घेतला आणि निवृत्त होईपर्यंत, मधे इतर शेकडो शब्द हातावेगळे करूनही, त्याच्याशी माझे येणे-जाणे राहिले.

त्याचे मूळ तीन व्यंजनांचे. पहिले व्यंजन घशाच्या तळातून काढायचे, दुसरे ज़, तिसरे ब. घशातला तो आवाज हिब्रूने ठेवला, अरबीने ठेवला. हिब्रूत त्याच मुळापासून 'सोडले', अरबीत 'अविवाहित, एकटा'. अक्कादीने तो आवाज टाकून दिला, पण जाताजाता तो शेजारच्या 'अ'चा 'ए' करून गेला, म्हणून एझेबुम्. कोशात नसलेल्या आवाजाचा पत्ता असा शेजाऱ्यांकडे लागतो.

बाबिलोनच्या बोलीत 'ईझिब' म्हणजे त्याने सोडले आणि 'ईझिब' म्हणजे तिनेही सोडले. रूप एकच. कोणी कोणाला सोडले हे वाक्यात इतरत्र सापडले तर सापडले. आणि ही गोष्ट केवळ माणसांची नाही. सैन्य किल्ला सोडते, शेतकरी पडीक रान सोडतो, मजूर काम अर्धे सोडतो, हे सगळे याच शब्दाने. मरणाऱ्या बापाने मुलांसाठी जे ठेवले तेही यानेच. नवऱ्याने बायकोला सोडले तर तिला जे द्यायचे त्याला उझुब्बूम् म्हणत, तेही या घरातलेच पोर. एका जुन्या राजाच्या कायद्यात एक कलम आहे: बायको घर उधळत असेल आणि नवऱ्याला कमी लेखत असेल तर नवऱ्याने तिला सोडावे आणि उझुब्बूम् देऊ नये, वाटखर्चही देऊ नये. ते कार्ड मी लिहिले त्या दिवशी संध्याकाळी मला फार राग आला होता. कोणावर ते सांगता येत नाही, राजाला जाऊन साडेतीन हजार वर्षांच्या वर झाली होती.

याच क्रियापदाच्या सुरुवातीला 'श' लावला की 'करायला लावणे' असा अर्थ येतो. शूझुबुम्, सोडायला लावणे. उशेझिब, त्याने सोडवले. त्याचा रोजचा अर्थ मात्र 'वाचवले' असा आहे: पुरातून, शत्रूच्या हातून, आजारातून. हा अर्थ इतका चालला की शेजारची अरामी भाषा तो उचलून घेऊन गेली. मुशेझिबुम् म्हणजे वाचवणारा. आणि गंमत म्हणजे याच रूपाचा कचेरीतला अर्थ 'दस्तऐवज करून घेणे' असाही आहे. माझ्या मृत्युपत्रावरून कोणी यावर भाषण ठोकू नये. मी आयुष्यभर अशी भाषणे ऐकली आहेत आणि त्यांतल्या एकानेही कोश पुढे सरकला नाही.

कलम ४. मागच्या खोलीतली लाकडी कपाटे, त्यांतले खण आणि खणांतली कार्डे. कचेरी बंद झाली तेव्हा सगळे रद्दीत चालले होते. माझ्या क्रियापदाचे तेवढे मी टेम्पो करून घरी आणले. दर कार्डावर त्या शब्दाचे एक वाक्य, ते कोणत्या पाटीवर आले आहे, आणि त्याचा अर्थ.

कार्डांमधली काही कोपरा कापलेली आहेत. ती फाटलेली नाहीत. पाटी जिथे फुटलेली असे तिथे काय लिहिलेले असेल याचा अंदाज आम्ही करत असू, पण अंदाज केलेल्या कार्डाचा उजवा कोपरा कात्रीने कापायचा असा नियम होता. म्हणजे खण उघडला की बोटांनाच कळे: याचा पुरावा म्हणून उपयोग करायचा नाही. आमच्या कचेरीत देवाधर्मावरून भांडणे झाली नाहीत, कोपऱ्यांवरून झाली.

माझे भांडण कचेरीतल्या एका सहकाऱ्याशी झाले, त्यांना सगळे मिशीवालेच म्हणत. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत असू. एका फुटक्या पाटीवर कोणा बाईविषयी एक ओळ होती, तिची कड उडाली होती. उडालेल्या जागी एक खूण असली तर त्या माणसाने बाईसाठी घर मागे ठेवले होते. नसली तर त्याने बाईलाच टाकले होते. मी कोपरा कापून ठेवला. मिशीवाले स्वभावाने टापटिपीचे. त्यांना खणात कार्डांच्या कडा सरळ लागत. त्यांनी माझे कार्ड सुवाच्य अक्षरात दुसऱ्या, अख्ख्या कार्डावर उतरवले, 'बाईला टाकले' असा अर्थ घातला आणि ते कार्ड कोशात छापले गेले. आता दुसऱ्या देशांतले विद्वान त्याचा हवाला देतात. ती बाई कागदोपत्री कायमची टाकलेली झाली.

"अहो, बहुधा तसंच असणार," मिशीवाले म्हणाले. "अशा बायकांचं आणखी काय होतं?"

त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. मला संदर्भाचा ग्रंथ हवा असला तर ते तो पट्टीने माझ्याकडे सरकवत. साहेबांनी दोघांना बोलावून समज दिली तेव्हा मिशीवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "यांना सांगा, पट्टी माझी आहे."

कलम ५. आता माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, भाच्याची थोरली बहीण. वय चौतीस, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत कारागीर. दोन वर्षांपूर्वी ती एक बॅग आणि पायांत घरातल्या चपला अशी माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, मी इथं राहिले तर चालेल?" मी म्हटले, "मागची खोली आहे, पण कपाटं आहेत." ती म्हणाली, "मी कपाटांच्या मधे झोपेन." तेव्हापासून ती तिथे आहे. दोन कपाटांमध्ये तिची खाट, खिडकीपाशी तिचे कामाचे टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे वाळत घातलेले. रात्री पाणी प्यायला उठले की ते सगळे माझ्याकडे बघून हसतात. सवय झाली.

तिने नवऱ्याचे घर का सोडले हे मला माहीत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. भावजय म्हणते पगारावरून झाले. भाचा म्हणतो, तिचा स्वभावच ताठ. भाऊ म्हणतो, जावयासारखा सरळ माणूस मिळणार नाही, ही उगीच फुगवून बसली आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंचाही एक अंदाज आहे, तो मी लिहीत नाही. प्रत्येकाने फुटलेल्या जागी आपापले भरले आणि सुवाच्य उतरवून घेतले. मी कोपरा कापून ठेवला आहे. तिला सांगायचे असेल तेव्हा ती सांगेल, नसेल तर मला त्यावाचून काही अडत नाही.

भाऊ दर रविवारी येतो. पुढच्या खोलीत बसतो. पोरगी समोर उभी असली तरी माझ्याकडे बघून बोलतो.

"ताई, तिला सांग, तिचा बँकेचा कागद आलाय घरी."

"आत्या, बाबांना म्हणावं, ठेवून जा."

दोन वर्षे मी हा निरोप्याचा धंदा करते आहे. मिशीवाल्यांच्या वेळी निदान पट्टी तरी होती.

एजंट येऊन गेला त्या संध्याकाळी भाची स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने मागच्या खोलीतून सगळे ऐकले होते. "आत्या, मी भाड्यानं खोली बघायला घेऊ का? म्हणजे नंतर घाई नको." नंतर म्हणजे कशानंतर, हे आम्हा दोघींनाही कळत होते. मी म्हटले, "बघू नकोस." तेवढेच बोलले, पण ती झोपायला गेल्यावर माझ्या लक्षात आले की नुसते बोलून तिच्या डोक्यावर छप्पर राहत नाही. ते लिहावे लागते. मी गेले आणि घर भाच्याकडे गेले, तर हिला सहा महिन्यांत एक तर कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीत नाही तर जिथून निघाली तिथे परत जावे लागेल. भाचा काही वाईट नाही. तो फार समजूतदारपणे तिला बाहेर काढेल.

पुढच्या रविवारी मी भावाला सांगितले की घर पोरीच्या नावावर करणार आहे. त्याने चहाचा कप उचलला.

"ताई, तू घर दिलंस की ती परत जायचीच नाही."

"नाही गेली तर?"

"तुझ्यामागं एकटी काय करणार ती इथं?"

"मी काय केलं?"

"तुझी गोष्ट वेगळी होती. तुला टाकलं होतं. ही आपणहून आलीय."

"माझ्याही वेळी काहीजण उलटंच सांगत होते. बाबा त्यांतले."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "निदान एवढं कर. घर मुलाच्या नावावर राहू दे. हिला नुसता राहायचा हक्क दे. परत नांदायला गेली की हक्क संपला. कुणाचंच वाईट नाही त्यात."

वकिलांना ही सूचना पसंत पडली. त्यांनी ती टाइपही करून आणली: 'सदर भाची पतीपासून विभक्त राहील तोपर्यंत सदर घराच्या मागील खोलीत राहण्याचा हक्क.' मी ते पुन्हा पुन्हा वाचले. यात तिला घर मिळत नाही, विभक्त राहण्याची नोकरी मिळते. उद्या तिचे नवऱ्याशी पटले तर घर गेले, दुसऱ्या कोणाशी जमले तर घर गेले, आणि काहीच झाले नाही तर मागच्या खोलीच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही. शिवाय ती कशी राहते आहे हे बघायला कोणी ना कोणी खिडकीतून डोकावत राहणार. मी ते वाक्य खोडले. वकील म्हणाले, "बाई, अट घालणं तुमच्याच हिताचं असतं." मी म्हटले, "मी मेल्यावर माझं हित कुठं ठेवू?"

जुन्या पाट्यांमध्ये काही बाप मुलींना मिळकत लिहून देताना शेवटी एक वाक्य घालत: ही मिळकत तिने आपल्यामागे तिला आवडेल तिथे द्यावी. भाऊबंदांचा त्यावर दावा चालत नसे. मला हे वाक्य नेहमी आवडत आले आहे.

कलम ६. त्यानुसार: हे राहते घर, पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, गच्चीतला वाटा आणि जिन्याखालची अडगळ यांसह, माझ्यामागे माझ्या भाचीला पूर्ण मालकीने मिळावे. कोणतीही अट नाही. ती नवऱ्याकडे गेली तरी घर तिचे. नाही गेली तरी तिचे. दुसरे लग्न केले, केले नाही, विकले, भाड्याने दिले, मला न आवडणारा रंग लावला, तरी तिचे. तिच्यामागे तिने ते तिला आवडेल तिथे द्यावे.

मागच्या खोलीतली कपाटे आणि कार्डेही तिचीच. ती जपावीत अशी मी तिला गळ घालत नाही. एखाद्या विद्यापीठाला हवी असतील तर द्यावीत, कोणी नेली नाहीत तर रद्दीवाल्याला द्यावीत आणि खोलीत ऐसपैस झोपावे. आयुष्यभर एका शब्दाशी संसार केल्यावर हे लिहिणे सोपे गेले नाही. दोन दिवस मी हे वाक्य टाळत होते. पण अटीशिवाय म्हटले की कार्डांचीही अट घालता येत नाही.

तिच्यावर माझा जीव आहे. तोंडाने मी असले काही बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. ती आल्यापासून संध्याकाळी दिवा लागलेल्या घरात परत येणे काय असते ते मला सत्तरीत कळले.

कलम ७. किरकोळ. बँकेतल्या शिलकीतून आधी गच्चीची गळती काढावी, उरेल ते भाच्याला द्यावे, त्याला फोनचा खर्च झाला आहे. शिवणयंत्र भावजयीला. ते तिने चार वेळा 'कोणी वापरत नाही का' म्हणून विचारले आहे. भिंग भाचीला, तिला दात बघायला उपयोगी पडते. बोरू आणि सरावाची माती कोणालाही. कोपरे कापायची कात्री मिशीवाल्यांना, ते हयात असतील तर. ती त्यांच्या हातात द्यावी, टेबलावरून सरकवू नये.

कलम ८. जुने हिशेब. अक्कादी पुरोहित देवाला प्रश्न विचारण्याआधी एक यादी वाचत. तिची प्रत्येक ओळ 'एझिब' या शब्दाने सुरू होई, म्हणजे 'हे सोडून दे, याकडे लक्ष देऊ नकोस': मेंढीला कोणा अशुद्ध माणसाचा हात लागला असेल, एझिब. प्रश्न विचारताना माझी जीभ घसरली असेल, एझिब. तशी माझीही यादी आहे. वडिलांनी दाराला कडी लावली होती, एझिब. साहेबांनी प्रस्तावनेत सगळ्यांचे आभार मानले आणि माझे राहून गेले, एझिब. नवरा गेला तो माझी छत्री घेऊन गेला आणि त्या वर्षी मी भिजत कामाला जात होते, एझिब. मिशीवाल्यांचे ते अख्खे कार्ड मात्र सोडत नाही. त्यात नुकसान माझे झालेले नाही, त्या बाईचे झाले आहे, आणि तिच्या वतीने माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

कलम ९. माझ्या देहाचे जे करायचे ते थोडक्यात आणि त्याच दिवशी उरकावे. कोणी माझ्याविषयी बोलायला उभे राहिलेच तर 'त्यागी', 'एकाकी' आणि 'सोशीक' हे शब्द वापरू नयेत. पुरावा नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या पूर्वीच्या टंकलेखिका बाईंनी करावी. त्या माझ्याहून लहान आहेत आणि कोणाचे ऐकून घेत नाहीत. साक्षीदार दोन लागतात. पहिल्या त्याच. दुसरी जागा मी माझ्या धाकट्या भावासाठी ठेवली आहे. त्याच्या मुलीला घर मिळते आहे आणि त्याच्या मुलाचे जाते आहे, हे त्याने स्वतः वाचावे आणि मगच सही करावी, म्हणजे मागून कोणी त्याला न विचारता काही केले असे म्हणणार नाही. वकिलांच्या मते ही माझी मोठी चूक आहे. तो आज रविवारचा येईल. वाचून उठून गेला तर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदारांची सही घ्यावी, त्यांना सांगून ठेवले आहे. पण मी हातगाडी ओढणाऱ्या माणसाला विचारते आहे, आणि त्याने करावी असे मला वाटते.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. तारीख स्टॅम्पावर आहे तीच.

लिहून ठेवणारीची सही.

साक्षीदार पहिली: पूर्वीची टंकलेखिका. बाईंनी माझ्यादेखत सही केली. मजकूर मी वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, बाकी बाईंचे बाईंपाशी. सही.

साक्षीदार दुसरा: वरील बाईंचा धाकटा भाऊ, वजनकाट्यांचे दुकान. ताईच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने लिहितो की सगळे वाचले. कलम ५ मध्ये माझे बोलणे लिहिले आहे, मी तसेच बोललो होतो. घर मुलीला देण्यास माझी हरकत नाही. मुलाशी मी बोलेन. वाचून झाल्यावर लगेच सही केली नाही, कारण मधे मागच्या खोलीत गेलो. मुलगी काम करत होती. तिला विचारले, जेवलीस का. ती नाही म्हणाली. आम्ही दोघे जेवून आलो, त्यामुळे सहीला उशीर झाला आहे. सही.